मुरुमाची खाण आणि शिवारांतील पाणी

नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील कोणत्याही गांवीं शिवाराच्या वरच्या अंगास गेलें तर तेथें बहुधा एक माळ लागतो. त्यावर कुसळी गवत, थोडी बोराटी, तरवड आणि मधून मधून उघडा पडलेला मुरूम, एवढेंच दिसतें. पेरा होत नाहीं म्हणून दप्तरांत तो पडीक, आणि गांवकऱ्यांच्या तोंडींही 'बिनउपयोगाचा'. ह्या समजुतीमुळें, जेव्हां कोणी कंत्राटदार त्या माळावर मुरुमाची खाण काढण्याची परवानगी मागतो, तेव्हां गांवांत जें भांडण होतें तें पैसा कोणास मिळेल, गाड्या कोणाच्या बांधावरून जातील आणि धूळ कोणाच्या तुरीवर बसेल, ह्या मुद्द्यांवर होतें. हे मुद्दे खोटे नाहींत. परंतु त्या मुरुमांत कोणाच्या विहिरीचें पाणी आहे, हा मुळाचा प्रश्न सभेंत क्वचितच निघतो. प्रस्तुत लेखांत तोच आम्ही आधीं घेतों.

मुरुमाच्या मागणीचें कारण उघड आहे. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा ह्या वाटेनें नांदेडास येऊन पुढें यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गेल्या कांहीं वर्षांत रुंद झाला. त्याच्या जोडीस तालुक्यांचे रस्ते, नव्या वसाहती व गोदामें आलींच. काळ्या जमिनींतून रस्ता न्यावयाचा म्हणजे आधीं भराव घालावा लागतो, कारण ही माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तीस मीटर रुंद व दीड मीटर उंच असा भराव एक किलोमीटरभर घालावयाचा म्हटला तर ४५,००० घनमीटर माल लागतो. एक हेक्टर माळ तीन मीटर खोल खणला तर ३०,००० घनमीटर, म्हणजे जागेवरच्या मापानें सुमारें १०,६०० ब्रास, माल निघतो. सारांश, अशा भरावाच्या एका किलोमीटरास दीड हेक्टर माळ खर्ची पडतो. रस्ता सर्वांस हवा आहे, घरेंही हवीं आहेत, आणि त्यांस लागणारा माल कोठून तरी काढावाच लागणार. तेव्हां खाण मुळींच नको म्हणणारांचा पक्ष आम्ही घेत नाहीं. कोठें, किती खोल व कोणत्या अटींवर, एवढाच वाद आहे. आणि तो वाद शेतकऱ्यानें अभ्यास करून घालावा, अशी आमची इच्छा आहे.

आपल्याकडील खडक, नांदेडचा पूर्व व दक्षिण भाग वगळला तर, बहुतेक ठिकाणीं काळा बेसाल्ट आहे. लाव्ह्याचा एक थर, त्यावर दुसरा, अशा रीतीनें तो बसलेला आहे. त्याचा वरचा भाग युगानुयुगें ऊन-पाऊस खाऊन कुजला व त्याचा मुरूम झाला. मुरुमाखालीं भेगांचा फुटीर खडक असतो आणि त्याखालीं घट्ट पाषाण. दोन थरांच्या सांध्यावर पुष्कळदां तांबड्या चिकण मातीचा पट्टा लागतो. तो पाणी खालीं जाऊं देत नाहीं, म्हणून त्याच्या वरून आडवे झरे फुटतात. विहिरी खणणाऱ्या जुन्या माणसांस हा क्रम तोंडपाठ असतो. घट्ट पाषाणाच्या पोटांत पाणी राहत नाहीं; जें कांहीं राहतें तें मुरुमांत आणि भेगांत राहतें.

आतां पाऊस पडल्यावर काय होतें तें पाहावें. काळ्या रानांत पहिल्या पावसाचें पाणी भेगांतून आंत शिरतें. पुढें माती फुगून भेगा मिटतात आणि मागाहून येणारें बरेंचसें पाणी ओढ्याची वाट धरतें. माळावर मातीचा थर पातळ असल्यामुळें व खालचा मुरूम सच्छिद्र असल्यामुळें पाण्यास आंत जाण्यास वाव मिळतो. तें मुरुमांतून उतरत उतरत घट्ट खडकापर्यंत जातें, तेथें अडतें, आणि उताराच्या दिशेनें हळूहळू सरकत माळाच्या पायथ्याच्या विहिरींत प्रकट होतें. आश्विन-कार्तिकांत पायथ्याच्या विहिरी भरलेल्या असतात त्या ह्याच पाण्यानें. ज्यास आपण बिनउपयोगाचा म्हणतों तो माळ वस्तुतः शिवाराचें पाणी पिणारें तोंड आहे.

ह्याचा हिशेब अवघड नाहीं. भूजलाचा अंदाज करण्याच्या पद्धतीसाठीं नेमलेल्या केंद्रीय समितीनें १९९७ सालीं जीं प्रमाणें घालून दिलीं, त्यांत कुजलेल्या बेसाल्टांत पावसाच्या शेंकडा ७ इतकें पाणी मुरतें असें धरलें आहे. आपल्याकडे ८०० मिलिमीटर पाऊस धरला तर एका हेक्टरावर ८,००० घनमीटर पाणी पडतें. त्याचे शेंकडा ७ म्हणजे ५६० घनमीटर, अर्थात् ५ लाख ६० हजार लिटर. एक एकर हरभऱ्यास पांच सेंटीमीटरची एक पाळी द्यावयाची तर सुमारें २ लाख लिटर पाणी लागतें. म्हणजे एक हेक्टर माळ दर साल एक एकर हरभऱ्याच्या दोन पाळ्या भागवून वर गुरांच्या हाळास पाणी पुरवितो. हा हिशेब सरासरीचा आहे. एखाद्या माळावर कमी येईल, एखाद्यावर अधिक. परंतु मुरूम एकदांच विकला जातो आणि हें पाणी दर साल येतें, हा भेद कोणत्याही हिशेबांत तसाच राहील.

तीन मीटर मुरूम काढून नेल्यावर तीन गोष्टी घडतात. पहिली, पाणी धरून ठेवणारा थरच गेला. मुरुमांतून निथळून मिळणारें पाणी त्याच्या घनफळाच्या शेंकडा २ जरी धरलें, तरी एका हेक्टराच्या खाणीबरोबर ६ लाख लिटरांचें कोठार गेलें. दुसरी, खालचा घट्ट खडक उघडा पडल्यामुळें पाऊस मुरण्याऐवजीं वाहतो आणि खालच्या शेतांचे बांध फोडतो. तिसरी सर्वांत वाईट: खाण पाण्याच्या पातळीपर्यंत गेली म्हणजे सभोंवारचे झरे खाणींत उतरतात, आणि काम चालू राहावें म्हणून खाणवाला तें पाणी पंप लावून ओढ्यांत सोडतो. खालच्या विहिरी अशा वेळीं चैत्राची वाट पाहत नाहींत, पौषांतच तळ दाखवितात. विहिरीचा मालक मग पावसास दोष देतो, बोअर घेतो, कर्ज काढतो. आणि वरच्या खाणीचा व आपल्या विहिरीचा कांहीं संबंध असेल हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं.

ह्यावर असें उत्तर देण्यांत येतें कीं, खाणीचा खड्डा पावसाळ्यांत भरतो, म्हणजे गांवास फुकट तळें मिळालें. हें कांहीं ठिकाणीं खरें ठरतें. खड्ड्याचा तळ फुटीर असेल व वरून येणारें पाणी निवळ असेल तर थोडें मुरतेंही. परंतु उघड्या पाण्यावरून आपल्या हवेंत वर्षास सुमारें दीड मीटर पाणी उडून जातें, तेंच मुरुमांत असतां झांकलेलें राहतें. शिवाय दगडाची भुकटी व चिखल खड्ड्याच्या तळाशीं बसून भेगा बुजवितात. आणि उभ्या कड्यांच्या, कुंपण नसलेल्या खड्ड्यांत गुरें व मुलें बुडाल्याच्या वार्ता कोणत्याही जिल्ह्यास नव्या नाहींत. ज्यास तळें पाहिजे त्यानें तळ्यासाठीं जागा निवडून तळेंच खणावें.

मुरुमाची हकीकत जी, तीच वाळूची, फक्त अधिक ठळक. नांदेडच्या पूर्वेस व दक्षिणेस, देगलूर-बिलोलीकडे, काळा खडक संपून ग्रॅनाइट सुरू होतो. मांजरा नदी लातूर जिल्ह्यांतून येऊन ह्या ग्रॅनाइटाच्या प्रदेशांत शिरते, तेव्हां तिच्या पात्रांत तांबूस रंगाची चांगली भरड वाळू सांचते. येसगी, सगरोळी ह्या बाजूच्या वाळूस दूरवर मागणी आहे. नदीपलीकडे तेलंगण लागतो, व तिकडूनही ती येते. ह्या पट्ट्यांतील वाळूघाटांविषयीं वर्षानुवर्षें तक्रारी चालल्या आहेत. पात्रांतील बुडक्या व कांठच्या विहिरी आटतात, जड हायवा गाड्यांनीं रस्ते खचतात, ठरल्याहून खोल उपसा होतो.

वाळूंत निथळणारें पाणी शेंकडा २० धरावें. एक हेक्टर पात्रांत एक मीटर जाडीची वाळू असेल तर तींत २० लाख लिटर पाणी मावतें. लातूरकरांस हा आंकडा दुसऱ्या रीतीनें समजेल. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून लातुरास पाण्याची पहिली आगगाडी आली, तिच्या दहा टाक्यांत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. पुढें पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली, ती एका फेरींत सुमारें २५ लाख लिटर आणी. म्हणजे हेक्टरभर वाळूच्या एका मीटराच्या थरांत चार पहिल्या गाड्यांचें पाणी बसतें. एका ब्रासाचे २.८३ घनमीटर होतात व त्यांत साडेपांचशें लिटरांहून किंचित अधिक पाणी राहतें. २०२३ सालच्या धोरणान्वयें सरकारी डेपोंतून वाळू ६०० रुपये ब्रासानें देण्याचें ठरलें होतें. रुपये आणि लिटर ह्यांचे आंकडे इतके जवळ यावेत हा केवळ योगायोग, पण तो मनास लागतो खरा. तें डेपोंचें धोरण २०२५ सालीं बदललें आणि त्याच सालीं दगड भरडून केलेल्या कृत्रिम वाळूस उत्तेजन देण्याचें सरकारनें ठरविलें. नदीच्या दृष्टीनें हें चांगलें आहे. परंतु कृत्रिम वाळू डोंगर फोडूनच होते. नदीवरचा भार माळावर येणार, हें ध्यानांत घेऊन माळाखालच्या गांवांनीं आतांपासूनच सावध असावें.

माळ पुष्कळदां गायरान असतो, आणि येथें प्रश्न केवळ पाण्याचा राहत नाहीं. गायरानावर मेंढपाळाचीं मेंढरें व अल्पभूधारकाच्या शेळ्या चरतात. मराठवाड्यांत त्यावर भूमिहीन, विशेषतः दलित, कुटुंबें पिढ्यान्पिढ्या वहिती करीत आलीं आहेत. १४ एप्रिल १९९० पूर्वींचीं अशीं अतिक्रमणें नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारनें १९९१ सालीं घेतला होता. पुढें सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं गांवाच्या सामाईक जमिनी राखण्याविषयीं निकाल दिला, व त्यास अनुसरून राज्यानें १२ जुलै २०११ चा निर्णय काढला. ह्या दोहोंमध्यें ज्यांचे अर्ज लोंबकळत राहिले त्यांची स्थिती सर्वांत नाजूक आहे. त्यांस गायरानावरून उठवावयाचें आणि त्याच गायरानावर खाणीस वाट द्यावयाची, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. ज्यांच्या विहिरी आहेत अशा खातेदारांनीं आपल्या पाण्यासाठीं भांडतांना ह्या मंडळींस बरोबर घ्यावें. त्यांच्या अनुपस्थितींत झालेला ठराव गांवाचा ठराव म्हणतां येणार नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. आपल्या मालकीच्या सातबाऱ्याच्या जमिनींतील मुरूम आपलाच, अशी शेतकऱ्याची समजूत असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, ह्याच्या कलम ४८ अन्वयें खनिजांवरील हक्क राज्य सरकारचा आहे. परवानगीवांचून काढलेल्या मालाच्या बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड बसूं शकतो, व गाड्या-यंत्रेंही जप्त होऊं शकतात. म्हणून कंत्राटदार 'कागदपत्रें मी पाहून घेतों, तुम्ही फक्त सही करा' असें म्हणाला तर सही करूं नये. परवाना कोणाच्या नांवें, किती ब्रासाचा, कोणत्या गटांत, किती मुदतीचा, हें आधीं वाचावें. माल जास्त निघाला तर नोटीस जमिनीच्या मालकाच्या दारीं येते, आणि कंत्राटदार तोंवर पुढल्या तालुक्यांत गेलेला असतो.

दुसरी गोष्ट पर्यावरणाच्या मंजुरीची. पूर्वीं पांच हेक्टरांहून लहान खाणी ह्या मंजुरींतून सुटत. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य ह्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं ती वाट बंद केली, कारण मोठी खाण लहान तुकड्यांत दाखवून नियम चुकविण्यांत येत असे. पुढें २८ मार्च २०२० च्या अधिसूचनेनें रस्ते, नळमार्ग वगैरे लांब पसरणाऱ्या कामांस लागणारी साधी माती ह्या मंजुरींतून वगळण्यांत आली. ती सवलतही सर्वोच्च न्यायालयानें २१ मार्च २०२४ रोजीं रद्द केली. हे नियम वारंवार फिरत असतात, म्हणून अर्ज आला त्या दिवशीं कोणता नियम चालू आहे हें जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याच्या कचेरींत लेखी विचारावें. तुकड्यांची युक्ति मात्र अजून जुनी झालेली नाहीं. एकाच माळावर चार निरनिराळ्या नांवांनीं अल्प मुदतीचे चार परवाने निघतात, प्रत्येक कागदावर खाण लहान दिसते, आणि चहूंची बेरीज कोणी करीत नाहीं. ती बेरीज गांवानें करावी.

किनवटकडील अनुसूचित क्षेत्रांत गांवाचा हात अधिक बळकट आहे. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणें तेथें गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वीं ग्रामसभेची किंवा योग्य त्या पंचायतीची शिफारस अनिवार्य आहे, व महाराष्ट्रानें २०१४ सालीं त्याचे नियमही केले. इतरत्र ग्रामसभेच्या ठरावास तेवढी धार नाहीं. तरी आंकड्यांचा, गट क्रमांकांचा ठराव कोणत्याही अधिकाऱ्यास बाजूस सारणें जड जातें. 'खाणीमुळें गांवाचें नुकसान होईल, सबब विरोध' असा एका ओळीचा ठराव फायलींत निजून राहतो. त्याऐवजीं अमुक गटांतील अमुक विहीर खाणीच्या जागेपासून इतके मीटर, तिची उन्हाळ्यांतील पातळी इतकी, तीवर इतके एकर भिजतात व इतकीं कुटुंबें पाणी भरतात, असें लिहिलेलें असावें. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची सभा घेण्याची तरतूद कायद्यांत आहे. ती खरोखर घ्यावी, कारण कोणत्या विहिरीस कोणत्या महिन्यांत किती दोर लागतो हें पुरुषांहून त्यांस अधिक ठाऊक असतें.

ही मोजणी प्रत्येकास करतां येण्यासारखी आहे. विहिरीच्या कांठावर रंगाची खूण करावी; दोरीस दगड बांधून खुणेपासून पाण्यापर्यंत किती मीटर हें दर महिन्यास, निदान मे-अखेर व दसऱ्यानंतर, वहींत तारखेसह लिहावें. त्या वेळीं पंप निदान रात्रभर बंद असावा, नाहीं तर आंकडा फसवा येतो. पाणी कमी असतां विहिरींत उतरून झरा कोणत्या अंगानें येतो तें पाहावें. माळाच्या अंगानें, मुरूम व खडक ह्यांच्या सांध्यावरून झरा येत असेल तर त्या विहिरीचें माहेर माळावर आहे असें समजावें. ओढ्याच्या अंगानें खोल भेगेंतून येत असेल तर खाणीचा धक्का कदाचित् कमी बसेल, व तसें प्रामाणिकपणें लिहावें. खोट्या एका विहिरीमुळें खऱ्या दहा विहिरींचा दावा लंगडा पडतो. उतारावर शिंदी, उंबर, करंज ह्यांचीं झाडें एका रांगेंत आढळलीं तर तेथें पाणी उथळ आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी तालुक्यांत असतात. त्यांच्या पातळ्या मागून घेऊन आपल्या वहीशीं ताडून पाहाव्या. हें सर्व अर्ज येण्यापूर्वीं झालेलें बरें, कारण खाण सुरू झाल्यावर घेतलेल्या पातळीस कोणी प्रमाण मानीत नाहीं.

सुरुंगांविषयीं दोन शब्द. मुरूम बहुधा यंत्रानें निघतो, खडीच्या खाणीस मात्र सुरुंग लागतात. औसा-निलंगा भागांतील लोकांनीं ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसला आहे; जमीन हादरली म्हणजे त्यांच्या पोटांत गोळा येतो, आणि त्यांस भित्रे म्हणून हिणविणें शोभत नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० सालीं वस्तीपासून निदान १०० मीटर व सुरुंग लावावयाचे असल्यास २०० मीटर अंतर सुचविलें आहे. कंप मोजण्याचीं यंत्रें असतात. तीं गांवांतील एखाद्या घराशीं लावून आंकडे पंचायतीच्या फळ्यावर लिहावे, ही अट आधींच घालून घ्यावी.

एवढें करून खाण योग्य जागीं ठरत असेल तर ती होऊं द्यावी. योग्य जागा म्हणजे जिच्या खालच्या उतारावर विहिरी नाहींत, जी ओढ्यापासून दूर आहे, आणि जेथें मुरूम जाड असून पाणी खोल आहे. त्याआधीं एक पर्याय मात्र अवश्य विचारावा. बुलढाणा जिल्ह्यांत महामार्गाच्या भरावास लागणारी माती व मुरूम तलाव, नाले खोल करून काढण्यांत आला. रस्त्यास माल मिळाला व गांवास पाण्याची जागा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गाळानें भरलेले पाझर तलाव थोडे नाहींत. त्यांतील वरचा काळा गाळ शेतांत टाकावा, ज्यासाठीं २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजनाही झाली, आणि खालचा मुरूम रस्त्यास द्यावा. तलावाचा तळ फोडून त्याचें पाणी भलतीकडे निसटणार नाहीं, एवढें पाटबंधारे खात्याच्या माणसाकडून पाहून घ्यावें.

खाण मंजूर झालीच तर अटी मोजक्या पण मोजतां येण्यासारख्या असाव्या. खाणीचा तळ दसऱ्याच्या पाणीपातळीच्या निदान एक मीटर वर राहावा, व त्यासाठीं खाणीच्या कडेस पातळी पाहण्याचें एक भोंक आधीं पाडावें. पंपानें पाणी उपसण्यास मनाई असावी. उपसण्याची वेळ आली म्हणजे खोली मर्यादेपलीकडे गेली असें समजून काम थांबावें. गाड्यांची वाट पाण्यानें भिजवावी, आणि तूर-सोयाबीन फुलांत असतां दुप्पट भिजवावी, कारण पानांवर बसलेली धूळ पानाचें श्वसन कोंडते. कडे उभे न ठेवतां पायऱ्यांनीं उतरते करावे. सर्वांत आधीं, यंत्र लागण्यापूर्वीं, वरची वीतभर माती निराळी काढून खाणीच्या वरच्या अंगास ढीग करावा व त्यावर लगेच गवताचें बीं फेकावें. काम संपल्यावर हीच माती तळावर पसरून तेथें पुन्हां चराई सुरू करतां येते. मुरुमाबरोबर ही मातीही गाडींत भरून जातांना दिसली तर त्याच दिवशीं तलाठ्यास, ज्यास हल्लीं ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, बोलावून पंचनामा करून घ्यावा.